काना की मात्रा

राशोलच्या टेकडीवर दुपारी तीनला
ग्रंथालयात वाळवी जागी असते
आणि पाद्री एर्कुलान.
वय ब्याऐंशी. एका डोळ्यात मोतीबिंदू,
दुसऱ्यात हिब्रू.

मी मडगावच्या कोर्टात अठ्ठावीस वर्षं दुभाषी.
पोर्तुगीज दस्त घ्यायचे, मराठीत ओतायचे,
खाली सही. बरहुकूम.
जुन्या राजवटीत आमच्या हुद्द्याला 'लिंग्व' म्हणत,
म्हणजे जीभ.
जिभेला हाड नसतं,
हे मी सहीखाली कधी लिहिलं नाही.

निवृत्तीनंतर ही नवी नोकरी, बिनपगारी:
ते हिब्रू उलगडून सांगतात,
मी मराठीत आणतो.
आज बोटाखाली चार व्यंजनं:
श, ल, श, म.
'स्वर लिहीत नसत,' पाद्री म्हणतात,
'वाचणाऱ्याने आपले घालायचे, आमटीत मीठ घालावं तसे.'
शिल्शोम म्हटलं तर परवा.
शालिशीम म्हटलं तर सरदार.
शेलोशीम म्हटलं तर तीस.
एक शहाणा पोराला विचारतो,
तुझ्यासाठी मी लिहून ठेवले नाहीत का...
काय? परवा? सरदार?
ग्रीकांनी 'तीनदा' केलं,
लॅटिनवाल्यांनी ग्रीकांचं पाहून तेच.
नंतर कुणी 'उत्तम गोष्टी' म्हणून हात झटकले.
दोन हजार वर्षं सगळ्यांचा पाय त्याच दगडाला लागला.

मग नाईलकाठच्या वाळूतून एक गुंडाळी निघाली,
लव्हाळ्याची,
आपल्या मानशीपाशी उगवतात त्याच्या चुलतघराण्यातली.
जमिनीच्या हद्दी नोंदणाऱ्या कारकुनाने
लेकासाठी लिहिलेली शिकवण.
म्हणजे माझ्याच खात्यातला माणूस.
प्रकरणं मोजली.
तीस.

'मग मूळ कुणाचं?'
पाद्री हसतात, दातांशिवाय.
'मानकुराद कुणाच्या खुंटावर बांधला
ते आंब्याला विचारू नये.'
आणि पान उलटता उलटता सांगतात,
शेताची मेर सरकवू नये, हेही दोन्हीकडे आहे.
नाईलकाठी ती विधवेची मेर होती,
इकडे येईतो पोरक्यांचं शेत झालं.
'विधवा वाटेत मेली असेल.'

त्यांना माहीत नाही.

एक्याऐंशी साल. लोटलीची पिएदाद.
नवऱ्यामागे तिला राहिलेले माड,
दस्तावर ओल लागून शाई फुटलेली.
त्रेश की त्राश?
मी समासात देवनागरीत मांडून पाहिलं:
मात्रा धरली तर तीन,
काना धरला तर मागचे.
मागचे अकरा होते, थेट बांधापर्यंत.
एक वाजला होता. डबा उघडायचा होता.
मी 'तीन' लिहिलं.
दिराने पुढच्या आठवड्यात मेर हलवली,
कोर्टाच्या कागदानिशी.

बऱ्याच वर्षांनी त्याच दस्ताची जोडप्रत हाती आली,
वेगळ्या गठ्ठ्यात, कोरडी ठणठणीत.
काना.
मी फीत पुन्हा बांधली. गाठ नीट बसेना,
दुसऱ्यांदा बांधली.
पिएदाद तोवर वास्कोला कुणाकडे तरी
भांडी घासत होती म्हणे.

त्या लोकांकडे स्वरच नव्हते.
माझ्याकडे होता.

पाद्री थांबलेत. 'ओळ घे.'
खाली झुआरीला भरती,
मानशीची फळी आपटल्याचा आवाज इथवर येतो.
हिब्रूत पोरके आहेत. स्पष्ट. शाई कुठे फुटलेली नाही.
मी पेनचं टोपण काढतो
आणि मराठीत लिहितो: विधवा.

ते कागद धडक्या डोळ्याजवळ नेतात.
'हे चूक आहे.'
'होय,' मी म्हणतो,
'खाली सही करतो.'